आधी झाड, मग किडा : ठाण्यात निसर्ग पाहायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

दर जूनमध्ये ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतं, "फुलपाखरं बघायचीत, येऊरच्या जंगलात कधी जायचं?" मी उलट विचारतो, घरात कढीपत्त्याची कुंडी आहे का? बहुतेक असते. पानांच्या कडा कुरतडल्यात का? बहुतेक कुरतडलेल्या असतात, आणि घरातली मंडळी त्यावर काहीतरी फवारायच्या बेतात असतात. मग माझं ठरलेलं उत्तर : येऊर कुठे पळून जात नाही, आधी महिनाभर ही कुंडी बघा.

मी स्वतः नेमका उलट्या वाटेने गेलो. सुरुवातीची दोन वर्षं दर रविवारी पहाटे उठून, गळ्यात कॅमेरा अडकवून डोंगर तुडवला. हाती काय लागलं, तर उडून जाणाऱ्या पंखांचे शेकडो अंधुक फोटो. तिसऱ्या पावसाळ्यात पाय मुरगळला आणि घरी बसावं लागलं. तेव्हा बाल्कनीतच एका फुलपाखराचा अंड्यापासून पंखांपर्यंतचा सगळा संसार पाहिला आणि डोक्यात प्रकाश पडला. मी किडे शोधत होतो, शोधायची होती झाडं. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्यांची खायची झाडं ठरलेली असतात. ते झाड ओळखता आलं की किडा कुठे बसला असेल हे आधीच कळतं, आणि पळापळ थांबते.

पहिला महिना कुंडीचा

कढीपत्ता, लिंबू किंवा बेल, यांपैकी काहीही चालेल. रोज एकाच वेळी, सकाळच्या चहाबरोबर, पाच मिनिटं द्या. शेंड्याची कोवळी पानं वर-खाली करून पाहा. मोहरीहून लहान, फिकट पिवळा गोल मणी दिसला तर ते लिंबाळी किंवा बहुरूपी या फुलपाखराचं अंडं. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. ती पहिल्यांदा दिसली की तुम्ही फसणारच, कारण ती हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते : तपकिरी, मधे पांढरा डाग, ओली चकाकी. पक्षी स्वतःची शीट कशाला खाईल? अळी मोठी झाल्यावर मात्र हे सोंग पुरत नाही. दोन इंचांची शीट कोणाला खरी वाटणार! म्हणून शेवटची कात टाकल्यावर ती पानासारखी हिरवीगार होते.

या हिरव्या अळीला कोणी डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी, दुबेळक्यासारखं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. हे मुद्दाम करून पाहू नका. बुलबुल कुंडीवर येऊन बसला की अळी ते स्वतःच दाखवते. बुलबुल दरवेळी घाबरतोच असं नाही.

पोट भरलं की अळी एक दिवस सैरभैर फिरते आणि कधी कुंडी सोडून गजावर, कधी भिंतीवर जाऊन कोष करते. पाठीला रेशमाचा एक दोर बांधून, खांबावर चढलेल्या वायरमनसारखी ती मागे रेलून राहते. हिरव्या फांदीवर केलेला कोष बहुधा हिरवा असतो, सुक्या काडीवरचा तपकिरी. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी चुरगळलेल्या पंखांचं फुलपाखरू बाहेर येतं आणि पंख वाळेपर्यंत लटकून राहतं. त्या वेळी हात लावू नका, पंखा सोडू नका आणि नातवंडांना दाखवायचं असेल तर लांबून दाखवा. अंड्यापासून इथपर्यंत साधारण एक महिना जातो.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. पहिली अळी मी प्लास्टिकच्या बरणीत ठेवली, पानं धुऊन ओलीच घातली आणि झाकण लावलं. दोन दिवसांत आत बुरशी आणि अळी काळी पडलेली. तेव्हापासून नियम असा की अळी झाडावरच राहील. झाडावर ठेवूनही सगळ्या जगत नाहीत. कोषाला बारीक गोल भोक पडलेलं दिसलं तर आत अंडी घालणाऱ्या एखाद्या छोट्या गांधीलमाशीचं कुटुंब वाढून गेलं, असं समजा. त्याचीही नोंद करा, तीही पाहण्यासारखीच गोष्ट आहे. आणि घरात तंटा नको असेल तर फोडणीसाठी दुसरी कुंडी आणा.

दुसरा महिना सोसायटीचा

आता खाली उतरा. ठाण्याच्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत कुंपणाला उंच, सरळसोट अशोक लावलेला असतो. माळी त्याला खोटा अशोक म्हणतात. त्याच्या कोवळ्या, तांबूस पानांवर टेल्ड जे नावाच्या फुलपाखराच्या अळ्या असतात. काळ्यावर पोपटी ठिपके असलेलं हे फुलपाखरू फुलावर मध पितानाही पंख फडफडवतच राहतं, त्यामुळे त्याचा फोटो नीट येत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

तगरीजवळ थांबा. देवाला फुलं काढायला रोज जाणाऱ्या आजींनाही ठाऊक नसतं की त्याच झुडपात बोटाएवढी जाड, हिरवी अळी बसली आहे. तिच्या पुढच्या भागावर दोन निळे डोळे असतात आणि शेपटीकडे छोटं शिंग. डोळे खोटे, भीती घालायला. ही ओलिअँडर हॉकमॉथ या पतंगाची अळी. सापडत नसेल तर वर पाहू नका, जमिनीवर पाहा. मिरीच्या दाण्याएवढ्या काळसर लेंड्या पडलेल्या दिसल्या की त्याच्या बरोबर वर ती असते. ही युक्ती सगळ्या मोठ्या अळ्यांना लागू आहे आणि अनुभवी मंडळी ती गुपितासारखी सांभाळतात.

कण्हेरीच्या पानामागे चांदीचा डूल टांगल्यासारखं काही चमकलं तर तो कॉमन क्रो, म्हणजे हबशी फुलपाखराचा कोष. त्यात तुमचा चेहरा दिसेल इतका तो लकाकतो. पानफुटीच्या जाड पानावर फिकट, पोकळ चट्टा आणि बाजूला काळी घाण दिसली तर उजेडासमोर धरून पाहा : रेड पिएरोची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतूनच पान पोखरत असते. आंब्यावरच्या बांडगुळावर हळदीकुंकू, नाल्याकडेच्या रुईवर बिबळ्या कडवा, बहाव्यावर पिवळट-पांढरी एमिग्रंट.

मला नेहमी वाटतं की गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींची यादी ही नवख्यांसाठी तयार अभ्यासक्रमच आहे. बेल, रुई, कण्हेर, बोर, डाळिंब, हादगा, पिंपळ... यांतल्या बऱ्याच झाडांवर कोणत्या ना कोणत्या फुलपाखराची अळी जगते. बाजारात वीस रुपयांना मिळणारी पत्रीची जुडी विकत घेण्याऐवजी एकदा ही एकवीस झाडं स्वतः शोधून काढा. निम्मी जरी सापडली तरी वर्षभराचं काम मिळालं.

सोबत काय न्यायचं

फार काही नाही. फोन, खिशात मावेल अशी वही, पेन्सिल (पावसात पेनाची शाई पसरते), आणि सोनार वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि वस्तू जवळ आणायची. वस्तूवर भिंग धरून लांबून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. दुर्बीण पक्ष्यांसाठी लागते, पहिल्या वर्षी तिच्यावर खर्च करू नका.

आणि पाय मोजायची सवय लावा. सहा पाय असतील तर कीटक. आठ असतील तर कोळी किंवा त्याचे भाऊबंद. शरीराच्या प्रत्येक वळीला एक जोडी असेल तर गोम, दोन जोड्या असतील तर वाणी, म्हणजे पावसाळ्यात जिन्यात गोल वेटोळं करून बसतो तो. नाव नंतर सांगता येतं, पायांवरून निदान घराणं तरी कळतं.

मृग ते श्रावण

वहीचं पहिलं पान मृगात उघडा, म्हणजे ७ जूनच्या आसपास. आपल्याकडे वर्ष खरं सुरू होतं ते तिथूनच. त्याच्या थोडं आधी, मेच्या अखेरीला, येऊरच्या कडेने काजवे लुकलुकायला लागतात. काजव्यांसाठी लांब लांब जाऊन गर्दी करण्याची आता फॅशन झाली आहे. मला ती पटत नाही, कारण काजव्यांच्या माद्या आणि अळ्या बऱ्याचदा जमिनीलगत असतात आणि शेकडो बूट त्यांच्यावरून जातात. बॅटरी लावली तर नर-मादीचा प्रकाशाचा संवादच तुटतो. दिसले तर उभे राहा, दिवा विझवा, फोन खिशात ठेवा.

पहिला दमदार पाऊस पडला की त्या संध्याकाळी घरातली ट्यूबलाइट लक्ष देऊन पाहा. पंखवाल्या वाळवीचा लोंढा येतो. आईने दिवे मालवून खिडक्या लावायला सांगितलेलं सगळ्यांनाच आठवत असेल. या वेळी एक दिवा मुद्दाम ठेवा. काही मिनिटांत पंख गळतात आणि बिनपंखाची जोडपी एकामागोमाग एक, रेल्वेच्या डब्यांसारखी, फरशीवरून चालू लागतात : पुढे मादी, मागे नर, नवं वारूळ थाटायच्या शोधात. मुंग्यांनाही या दिवसांत पंख फुटतात. फरक असा : वाळवीचे चारही पंख सारखे लांब आणि कंबर जाड, मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. त्या रात्री पालींचं पोट बघा, तेवढंच मनोरंजन.

मखमली लाल मृगाचा किडा मोकळ्या मातीत दिसतो. काँक्रीटने माती झाकली तशी शहरात त्याची भेट दुर्मीळ होत चालली. त्याचे पाय मोजलेत का? आठ. तो किडा नव्हेच, माइट आहे, कोळ्याचा भाऊबंद.

जुलै हा रात्रीचा महिना. बाहेर पडवत नाही इतका पाऊस असतो, म्हणून बाल्कनीत पांढरं जुनं धोतर किंवा चादर टांगा, समोर एक दिवा लावा आणि साडेआठ ते दहा बसा. ढगाळ, उकाड्याची, वारा पडलेली, अमावास्येजवळची रात्र उत्तम. पौर्णिमेला फारसं काही येत नाही. जगभर जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात पतंगांचा आठवडा पाळतात, २०१२ पासून. तुम्हीही त्यात नोंदी पाठवू शकता. डोंगराच्या बाजूला राहत असाल तर एखाद्या सकाळी जिन्याच्या दिव्याखाली वीतभर पंखांचा अॅटलास मॉथ बसलेला सापडेल. त्याच्या पंखांचा पसारा २५ सेंटीमीटरच्या घरात जातो आणि प्रौढपणी तो काहीही खात नाही, त्याला खायला कामाचं तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्या चरबीवर आठवडा-दीड आठवडा जगतो. सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी "हे काय आहे? विषारी आहे का?" म्हणून त्याचा फोटो फिरतो. नाही, विषारी नाही. झाडूने हाकलू नका, संध्याकाळी जाईल.

भाद्रपद, आश्विन : वर्षातले सर्वांत चांगले आठवडे

येऊर आता. गणपती आटोपले आणि पाऊस उघडझाप करू लागला की डोंगर गाठा. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावरचे नियम पाळायचे, दिवसाउजेडीच जायचं आणि परतायचं. बिबट्याचं घर आहे ते. सकाळी आठच्या आधी जाऊन उपयोग नाही; फुलपाखरांना पंख तापवायला ऊन लागतं. नऊ ते साडेअकरा ही खरी वेळ. साडेअकरानंतर ती सावलीत जातात आणि तुम्हीही जा.

ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर फुलपाखरांचा घोळका खाली तोंड करून बसलेला दिसेल. याला चिखलपान म्हणतात. बहुतेक सगळे नर असतात आणि मातीतले क्षार शोषत असतात. धावत जाऊ नका. दहा पावलांवर बसा आणि बसल्या बसल्याच पुढे सरका. सावली त्यांच्यावर पडली की सगळी एकदम उठतात. निळ्या-काळ्या मखमलीचा निलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, याच दिवसांत रुबाबात फिरताना दिसतो. २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं, फुलपाखराला असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य.

डोंगर चढवत नसेल तर घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला ओवळेकर वाडीची फुलपाखरू बाग आहे. तिथेही सूत्र तेच : खायची झाडं लावली, फुलपाखरं स्वतः आली. जायच्या आधी वेळा विचारून घ्या. सप्टेंबरमध्ये देशभर फुलपाखरांच्या नोंदींचा महिना साजरा होतो, तेव्हा सोबतीला माहीतगार माणसं सहज मिळतात.

बहुरूपी आठवतो ना, कढीपत्त्यावरचा? त्याची खरी गंमत आता कळेल. नर एकाच रूपाचा, काळा, पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीचा. मादी मात्र तीन रूपांत येते. एक नरासारखी, बाकीच्या दोन कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या बेचव, विषारी फुलपाखरांची नक्कल करणाऱ्या. ओळखायचं कसं? अंगाकडे पाहा. खऱ्या रोझचं अंग लाल असतं, बहुरूपीच्या मादीचं काळं. पंख उसने आणता येतात, अंग नाही.

याच सुमारास मैदानांवर, गृहसंकुलांच्या मोकळ्या जागांवर पिवळसर चतुरांचे थवे माणसाच्या उंचीवर घिरट्या घालतात. बसतच नाहीत. हे वाँडरिंग ग्लायडर. हे चतुर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, असं चार्ल्स अँडरसन या मालदीवमधल्या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. लहानपणी आम्ही त्यांना हेलिकॉप्टर म्हणायचो आणि शेपटीला दोरा बांधायचो. आज आठवलं की लाज वाटते. चतुर आणि टाचणी यांतला फरक सोपा आहे : बसल्यावर पंख विमानासारखे पसरलेले तो चतुर, पाठीवर मिटलेले ती टाचणी. उपवन किंवा कचराळी तलावाच्या काठावर अर्ध्या तासात दोन्ही दिसतात. दोघांचीही पिल्लं पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात.

वाटेत मोठाल्या जाळ्यांकडे लक्ष द्या. जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या रेशमाची फुलीसारखी नागमोडी नक्षी असेल तर ती सिग्नेचर स्पायडर. मोठी असते ती मादी. जाळ्याच्या कडेला दबकून बसलेला चिमुकला, तिचं पिल्लू वाटावं असा, तो नवरा.

कारवी या डोंगरावरच्या झुडपाबद्दल लोक दरवर्षी विचारतात, म्हणून सांगून टाकतो. ती आठ वर्षांनी एकदा फुलते. इथे २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. आता २०३२ ची वाट पाहा.

थंडी आणि खाडी

डिसेंबर-जानेवारीत किडे कमी होतात, आणि खरं सांगायचं तर मी या काळात खाडीकडे वळतो. ठाणे खाडीतलं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीला वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीही निघतात आणि त्यांच्या वेळा भरतीनुसार बदलतात. रोहित सगळेच बघतात. तुम्ही खाली चिखलाकडेही बघा. एक नांगी अंगाएवढी मोठी असलेला नर खेकडा ती वरखाली हलवून मादीला बोलावत असतो. शेजारीच निवट्या, पाण्याबाहेर उड्या मारणारे मासे. कोळीवाड्यात त्यांची चव माहीत आहे, आपल्याला फक्त त्यांचे डोक्याच्या वर आलेले डोळे दिसतात.

ओहोटीची वेळ काढायला अॅपची गरज नाही, घरात कालनिर्णय असेलच. तिथीचा आकडा पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. त्रयोदशी म्हणजे तेरा, तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे पावणेदहाला भरती आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, चारच्या सुमारास ओहोटी. खाडीत आत पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढी सूट द्या. पौर्णिमा-अमावास्येच्या आधीचे दोन दिवस आणि संध्याकाळची उतरती उन्हं, हा माझा आवडता मुहूर्त. काठावरूनच पाहा, चिखलात उतरू नका. तो दिसतो त्यापेक्षा खूप खोल असतो.

फाल्गुन ते वैशाख

उन्हाळ्यात काही नसतं, असं म्हणणाऱ्यांनी फुललेल्या काटेसावरीखाली उभं राहावं. वर मैना, शिंजीर, कावळे यांचा गोंधळ आणि खाली शेंगा फुटू लागल्या की लाल-काळ्या कॉटन बगच्या जोड्या, पाठीला पाठ चिकटवून फिरणाऱ्या. आंब्यावर पानं शिवून केलेली घरटी दिसतील, लाल मुंग्यांची. कोकणातली माणसं त्यांना हुमले म्हणतात. पानं ओढून धरतात कामकरी मुंग्या; शिवायचा धागा त्यांच्या अळ्यांच्या तोंडातून येतो, आणि मुंग्या अळीलाच तोंडात धरून सुईसारखी फिरवतात. हे बघायला फांदीपासून हातभर लांब राहा, चावल्या की नाचायला होतं.

पत्र्याच्या वळचणीखाली, जिथे पाऊस पोचत नाही अशा कोरड्या भुसभुशीत मातीत, नाण्याएवढे खड्डे असतात, नरसाळ्यासारखे. त्यात गवताच्या काडीने दोन कण पाडा. तळातून माती उडते. आत अँटलायनची अळी जबडे उघडून मुंगी घसरण्याची वाट बघत असते. मुलांना किड्यांचा नाद लावायचा असेल तर फुलपाखरापेक्षा हा खड्डा जास्त कामाला येतो, हा माझा अनुभव.

एप्रिलमध्ये बहावा आणि ताम्हण फुलतात, त्यांच्यावर मोठे काळे भुंगे येतात. लाकूड पोखरून घर करणारे. घरात खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशी मातीचं मडकं बांधते. आमची आजी ते मोडू द्यायची नाही, घरात पाळणा हलणार म्हणायची. पाळणा हलतो तो कुंभारणीचाच : प्रत्येक कप्प्यात बधिर केलेल्या अळ्या किंवा कोळी आणि एक अंडं असतं. मे सरता सरता येऊरमध्ये भर दुपारी सिकाडा कानठळ्या बसवतात. किडा दिसला नाही तरी खोडावर चिकटलेली त्याची तपकिरी, पाठीवर चिरलेली कात नक्की सापडेल.

नोंद कशी करायची

तारीख, वेळ, जागा, झाड, काय करत होतं. या क्रमाने. नाव शेवटी, आणि ठाऊक नसेल तर जागा रिकामी. मी तारखेसोबत पावसाचं नक्षत्रही लिहितो. चार वर्षांनी मागे वळून पाहताना "आर्द्रात" हा शब्द तारखेपेक्षा जास्त सांगतो. फोटो तीन : वरून, बाजूने आणि झाडाचं पान. तिसरा लोक विसरतात, आणि नाव सांगणाऱ्याला बहुधा तोच लागतो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अॅपवर टाकलात तर घराची जागा अस्पष्ट ठेवायचा पर्याय निवडा. अॅप पहिलं नाव जे सुचवतं ते कधी कधी दुसऱ्याच खंडातलं असतं. माणसाने दुजोरा देईपर्यंत थांबा.

काही न दिसलेला दिवसही लिहा. "बघितलं, नव्हतं" ही नोंद पुढच्या वर्षी उपयोगी पडते.

जपायच्या गोष्टी

केस नसलेली ती अळी, केसाळ तो सुरवंट, एवढा भेद पाळा आणि सुरवंटाला हात लावू नका. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर त्यांचे थर बसतात. केस टोचलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग पाण्याने धुवा. दिव्यावर येणारा बारीक, लांबट, नारिंगी-काळा किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारा. त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. पावसाळ्यानंतर गवतातून फिरून आलात की घरी गोचीड तपासा. उंच इमारतींच्या सज्जाला आग्या मोहोळ असेल तर त्याच्या खाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा, तिन्ही नको. भिंतीच्या फटीतून मेणाची छोटी नळी बाहेर आली असेल तर ती पोया या छोट्या मधमाशीची, या माशीला नांगीच चालवता येत नाही. तिथे निश्चिंत उभे राहा. आणि काहीही पकडून घरी आणू नका, काही फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

राहिली सोसायटीची फवारणी. मी ज्या सोसायटीत राहतो तिथे ऐन सप्टेंबरमध्ये तगरीवर औषध मारलं गेलं आणि सहा हॉकमॉथच्या अळ्या एका दुपारी खाली पडल्या. भांडून काही झालं नाही. पुढच्या वर्षी समितीच्या सभेत मी कोषातून बाहेर येणाऱ्या लिंबाळीची दोन मिनिटांची फीत दाखवली आणि एवढंच मागितलं की डासांसाठी साचलेलं पाणी काढा, झुडपांवर औषध मारायचं असेल तर दोन दिवस आधी सूचनाफलकावर लिहा. मान्य झालं. आता तशी सूचना लागली की संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मुली खाली येतात, तगरीची लेंड्या पडलेली झुडपं शोधतात आणि त्यांना लाल दोरा बांधतात. माळीकाका लाल दोऱ्याचं झुडूप सोडून पुढे जातात.